भातशेतातली गढी

माझ्या उमरावाची गढी मी दत्ताच्या बापाच्या भातशेतात बांधली. चार बुरुज, दोन दरवाजे, वर निशाण आणि खाली खंदक. विचारलं कुणालाच नाही. विचारायचं असतं हेच सुचलं नाही, कारण गढी कागदावर होती आणि उमराव डोक्यात होता. आणि डोक्याच्या बाबतीत त्या वयात माझी परिस्थिती फारशी बरी नव्हती. आता बरी आहे असंही घरात कुणी म्हणत नाही.

आमचं घर पनवेलच्या एस.टी. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर होतं. पुढच्या खोलीत अण्णांचं झेरॉक्सचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. सकाळी यंत्र सुरू झालं की त्याची गुरगुर घरभर पसरायची आणि त्याचा हिरवट उजेड पडद्याखालून सरकत सरकत आईच्या ओट्यापर्यंत यायचा, परत जायचा. तापलेल्या कागदाचा वास आणि आईच्या फोडणीचा वास असा काही मिसळायचा की मला अजूनही नव्या झेरॉक्सचा गठ्ठा हातात घेतला की भूक लागते. शिवाय स्टँडवरचा भोंगा दिवसभर पेण, अलिबाग, उरण, खोपोली असा घोष करत असे. "सगळ्या गाड्यांच्या वेळा मला पाठ आहेत," आई म्हणायची, "बसायला मात्र एकीतही मिळालं नाही." हे ती अण्णांना ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणायची. अण्णांना त्याच वेळी नेमकं यंत्रात काहीतरी अडकलेलं दिसायचं.

त्या काळात दुकान चालायचं ते जमिनीच्या कागदांवर. खाडीपलीकडं नवं शहर होणार होतं, पुढं आणखी काय काय होणार होतं, आणि उरणच्या वाटेवरच्या गावांतली माणसं प्लॅस्टिकच्या पिशवीत उतारे आणि नकाशे घेऊन सकाळपासून पायरीवर बसलेली असत. एक प्रत वकिलाला, एक कचेरीला, एक घरात देवामागं ठेवायला. अण्णा कमी बोलणारे, पण सुट्टीच्या दिवशी मला यंत्रावर उभं केलं की हमखास सांगायचे, "कागद सरळ लाव. त्यात लोकांची जमीन आहे." मी कागद तिरकाच लावायचो. मुद्दाम नव्हे, माझं लक्ष नेहमी दुसरीकडं असे. मग गावाचं नाव उडायचं, अर्धे आकडे कापले जायचे, अण्णा कपाळाला हात लावून ती प्रत खोक्यात टाकायचे आणि दुसरी स्वतः काढायचे. त्या खोक्यातले पाठकोरे कागद आम्हा भावंडांना वहीसारखे मिळत. ह्या गोष्टीतल्या सगळ्या आपत्तीचं मूळ त्या खोक्यात आहे.

खेळ आणला तो इरफानने. इरफान माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचे मामू बोटीवर नोकरीला होते. कुठल्याशा बंदरात त्यांच्या केबिनमध्ये आधीच्या खलाशानं टाकून दिलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांना सापडलं. त्याचं मुखपृष्ठ नव्हतं, सुरुवातीची पानं नव्हती आणि मधल्या बऱ्याच पानांवर चहा सांडलेला होता. "मामू बोलले, तुमी पोरं शिकलेली हाव, काय हाय बघा," असं म्हणत इरफाननं ते आमच्या पुढ्यात टाकलं. आम्ही शब्दकोश घेऊन बसलो. हळूहळू कळलं की हा खेळ आहे, पण ह्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी एकेक माणूस बनून त्या गोष्टीत शिरायचं. दरवाजा आहे, पलीकडं पहारेकरी आहे, आता तू काय करतोस? जे करशील ते जमलं की नाही हे एका वीस बाजूंच्या फाशावर ठरणार. असा फासा पनवेलमध्ये कुणी पाहिलेला नव्हता. भांड्यांच्या दुकानात विचारलं तर मालक म्हणाले, "वीस बाजूंचं मोदकपात्रसुद्धा नाही."

फाशाचा प्रश्न मी सोडवला. आईच्या भिशीच्या बायका हाऊजी खेळत. त्यांच्या पिशवीतल्या लाकडी सोंगट्यांपैकी एक ते वीस मी काढून घेतल्या. पिशवीत हात घालायचा, जो आकडा येईल तो फासा. पुढच्या भिशीला आमच्या घरात अभूतपूर्व हाऊजी झाली. आई आकडे पुकारतेय, पुकारतेय आणि कुणाचीच वरची ओळ भरेना. शेवटी समोरच्या काकू म्हणाल्या, "अहो, ह्या पिशवीला लहान आकड्यांचं वावडं आहे का?" आईनं एकदा पडद्याकडं पाहिलं. त्या संध्याकाळी मला जेवायला वाढताना तिनं भात नेहमीपेक्षा उंचावरून टाकला, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. पण सोंगट्या तिनं परत मागितल्या नाहीत. भिशीच्या दिवशी मोजून द्यायच्या, अशी बोली झाली. समोरच्या काकूंनी मात्र आम्ही प्लँचेट करतो, भुतं बोलावतो असं आळीभर सांगितलं आणि त्यांचा मुलगा बरेच दिवस आमच्या दारावरून पळत जायचा.

गोष्ट सांगायचं काम दत्ताकडं गेलं, ते आपोआप. दत्ता उरणच्या वाटेवरच्या गव्हाण गावचा. शाळेसाठी पनवेलात आत्याकडं राहायचा आणि दर शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं गावी जाऊन रविवारी सकाळी परत यायचा. वर्गात तो तोंड उघडत नसे, कारण 'नाय' आणि 'हाय' म्हटलं की बाकीची पोरं हसायची. हसणाऱ्यांत अधूनमधून मीही असे. पण गोष्ट सांगायला बसला की हाच दत्ता आवाज बदलायचा, डोळे बारीक करायचा, आणि नुसतं "वारा पडलाय" म्हणाला तरी आमच्या अंगावर काटा यायचा. रविवारी दुपारनंतर दुकान बंद असे. झाकलेल्या यंत्राशेजारी सतरंजी पसरायची, आईचे दडपे पोहे आणि इरफानच्या अम्मींनी दिलेली सांदणं मध्ये ठेवायची आणि चौघांनी बसायचं. चौथी माझी धाकटी बहीण माधवी. तिला घेतलं नसतं तर ती हाऊजीच्या सोंगट्यांचं आणखी काय काय आईला सांगणार होती.

आता उमराव. पुस्तकात सांगितलेलं असं की प्रत्येकानं आपला माणूस आधी घडवायचा: तो कोण, काय नेसतो, कशाला भितो. मग सहा आकडे ओढायचे आणि ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण, रुबाब ह्या सहा खणांत आपल्या मनानं वाटायचे. कुठलंही काम जमायचं असेल तर त्या खणातल्या आकड्याएवढा किंवा त्याहून लहान आकडा पिशवीतून निघाला पाहिजे. इरफान दर्यावर्दी चाचा झाला, जहाजासकट. माधवी जादूगारीण झाली आणि तिनं स्वतःला एक पाळीव घुबड घेतलं. मला मात्र पुस्तकातलं एक पान सोडवेना. त्यावर चहाच्या डागामागं एक चित्र होतं. मोठ्या हॅटमध्ये पीस, खांद्यावर झगा, एका हातात लवलवती तलवार, दुसरा हात कमरेवर, आणि चेहऱ्यावर असा भाव की जगातल्या सगळ्या खिडक्या आपल्याला उड्या मारण्यासाठीच बसवलेल्या आहेत. मी ज्या घरात वाढलो तिथं खिडकीला गज होते. मी ठरवलं, आपण हाच.

आठवडाभर मी त्याला घडवत होतो. नाव ठेवलं उमराव रुद्रसेन बहादूर. मिशीला पीळ, बोटात माणिक, शत्रूलाही 'महाशय' म्हणण्याची सवय. तो झुंबराला लोंबकळून दालन ओलांडतो, हरला तरी हसतो, जेवणात मीठ कमी असलं तरी यजमानाचं कौतुक करतो. (ही शेवटची खोड मी घातली ती आमच्या घरी कुणातच नसल्यामुळं.) आकडे ओढले तेव्हा माझं नशीब फळफळलं: वीस निघाले. ते मी डोळे मिटून रुबाबाला दिले. अठरा चपळाईला. मग बरे आकडे संपत गेले आणि शेवटी हातात तीनचा आकडा राहिला, आणि खण उरला होता शहाणपणाचा. मी क्षणभरही थांबलो नाही. माधवीनं वाकून कागद वाचला आणि म्हणाली, "बाकीचं माहीत नाही दादा, पण हा खण अगदी बरोबर भरलायस."

उमराव म्हणजे त्याला जहागीर हवी. पुस्तकातला नकाशा बर्फाच्या डोंगरांचा होता. बर्फ आम्ही फक्त मासळीबाजारात पाहिलेला. दत्ता म्हणाला, "आपलाच नकाशा काढूया. खाडी हाय, डोंगर हाय, दर्या हाय, अजून काय पायजे?" मी दुकानातल्या खोक्यात हात घातला आणि माझ्याच हातची एक तिरकी प्रत काढली. गावाचं नाव कापलं गेलेलं, आकडे अर्धवट, पण रेघा सुरेख. खाडीचं मोठं वळण आणि त्याच्या कुशीत जाळीसारखे चौकोनच चौकोन. मी हिरव्या पेन्सिलीनं टेकडी रंगवली, निळ्यानं खाडी, आणि वळणाशी सगळ्यात ऐसपैस चौकोन बघून त्यावर शाईनं गढी काढली. पुढच्या रविवारी मोठ्या दिमाखात ती दत्तापुढं पसरली. मी त्या दिवशी खांद्यावर आंघोळीचा टॉवेल झग्यासारखा घेतला होता, हेही सांगून टाकतो.

दत्तानं नकाशा पाहिला. पोहे खाता खाता त्याचा हात थांबला. बराच वेळ तो बोट न टेकवता नुसता त्या वळणावरून नजर फिरवत होता.

"ही जागा कशी काय निवडलीस?" त्यानं विचारलं.

"मोकळी होती," मी म्हणालो.

"मोकळी?"

"हो. काही नव्हतंच तिथं. नुसते चौकोन."

"बरं," दत्ता म्हणाला. नकाशा त्यानं आपल्याकडं ओढून घेतला आणि खेळ सुरू केला.

सुरुवात झकास झाली. इरफानचं जहाज गढीखालच्या खाडीत उभं, दूर बेटावर खजिना, भरती साधून निघायचं. उमराव पायऱ्या उतरून धक्क्याकडं निघाला. वाटेत बांध. बांधात एक लाकडी झडप. भरतीला ती मिटते आणि खारं पाणी शेतात शिरू देत नाही. ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडते. दत्ता म्हणाला, ह्या झडपेला उघाडी म्हणतात. आणि त्या उघाडीवर एक म्हातारा बसलेला. वाट त्याच्या अंगावरूनच जाते. मी टॉवेल मागं झटकला. "महाशय, बाजूला व्हा. मी उमराव रुद्रसेन, ह्या मुलखाचा धनी."

दत्तानं आवाज बदलला. खरखरीत, सावकाश. "कोन आयला? धनी? मी तं तुला कवा चिखलात बघितला नाय."

मी रुबाबाचा आकडा ओढायला पिशवीत हात घातला. वीस असल्यावर कुठलाही आकडा चालणारच. दत्तानं माझं मनगट धरलं. "नाय चालनार. रुबाब दिसाय समोरच्यानं वर बघितला पायजे. म्हातारा पान्याकडं बघतोय."

तिथून जे अडलं ते अडलंच. रविवारमागून रविवार गेले आणि माझा उमराव त्या म्हाताऱ्याला ओलांडू शकला नाही. मी भाषण केलं, म्हातारा म्हणाला, "बोलून झाला का? मंग त्यो ढेकूळ दे इकडं." मी सोन्याची थैली टाकली, त्यानं ती उघाडीच्या फटीत पाणी गळत होतं तिथं बोळ्यासारखी कोंबली. मी द्वंद्वाचं आव्हान दिलं. त्यानं विचारलं, जिंकलास तर उघाडीवर कोण बसणार, तू? एकदा मी बुरुजाला दोर बांधून झोका घेतला, त्याच्या डोक्यावरून थेट धक्क्यावर उतरण्यासाठी. चपळाईचा आकडा जमला. मी आनंदानं ओरडलो. दत्ता शांतपणे म्हणाला, "उतरलास. पन धक्क्यावर नाय, शेतात. चिखल किती खोल ते बघू." आणि पिशवीतून एकोणीस काढले. उमराव कमरेपर्यंत रुतला, हॅट वाहून गेली, आणि माधवीचं घुबड तिच्यावर जाऊन बसलं.

गंमत अशी की दत्ता म्हाताऱ्याची उत्तरं तिथल्या तिथं द्यायचा नाही. अडलं की म्हणायचा, "म्हातारा इचार करतोय. पुढच्या रविवारी सांगतो." आणि पुढच्या रविवारी असं काही उत्तर घेऊन यायचा की माझा पुढचा बेत तिथंच कोसळायचा. मला वाटायचं, आठवडाभर हा अभ्यास सोडून हेच करतो.

मग गढीनं घात केला. एका रविवारी दत्तानं सांगितलं की गढीच्या वजनानं बांध खचलाय, खाऱ्या पाण्यानं शेतं बुडतायत आणि गावकरी दरवाज्याशी जमलेत. माझा संयम सुटला. "तू मुद्दाम करतोयस!" मी ओरडलो. "सगळ्यांचं सगळं जमतं, माझंच काही जमू देत नाहीस. माझ्या गढीनं तुझं काय घोडं मारलंय?"

दत्तानं नकाशा उलगडला. गढीवर पहिल्यांदाच बोट ठेवलं. ह्या वेळी आवाज म्हाताऱ्याचा नव्हता. "ही गव्हाणची खाडी हाय. ह्यो चौकोन आमचा. बाबांच्या नावावर हाय. ह्याच्या बाजूचा चुलत्याचा. काही नव्हतंच बोललास ना तू? भात हाय तिथं." मग म्हणाला, "कागदावर बघितला का सगल्यांना आमचीच जमीन मोकली दिसते."

स्टँडवरचा भोंगा नेमका त्याच वेळी उरणच्या गाडीसाठी ओरडला. मग इरफाननं कंपासपेटीतून खोडरबर काढलं. "जाऊ दे ना यार. खोड गढी. डोंगरावर बांधू, तिथं कुनाचं काय नाय."

"शाईची हाय," दत्ता म्हणाला. "नि बांधलेली गढी उचलता येत नाय. खेल म्हंजे खेल."

"मग दुसरा माणूस घे," माधवी म्हणाली. "उमरावाला मारून टाक आणि लाकूडतोड्या हो."

मी टॉवेल काढून घडी केला. आज विचार करतो तेव्हा वाटतं, तिथं माफी मागून मोकळं होणं सगळ्यात सोपं होतं, आणि उमरावाला मारणं त्याहून सोपं. पण मी हट्टी होतो, आणि मला दोन्हीतलं काही सोडायचं नव्हतं. उमराव नाही आणि दत्ता तर नाहीच. मी म्हणालो, "माझा माणूस मरणार नाही आणि पळूनही जाणार नाही. म्हाताऱ्याला विचार, ही गढी तिथं राहायची तर उमरावानं काय करायचं."

दत्तानं माझ्याकडं जरा वेगळं पाहिलं. "इचारतो," म्हणाला.

पुढच्या रविवारी दत्ता आलाच नाही. दडपे पोहे मऊ पडले. मी त्याच्या आत्याकडं गेलो तर ती दारातच सुकट निवडत बसली होती. म्हणाली, "त्यो नाय यायचा आज. उधानाच्या भरतीनं बांध फुटलाय गावात. खरोखर फुटलाय. घरटी एक मानूस लागतो बांधाला. माजा भाऊ, त्याचा बाप, कावीळ होऊन पडलाय, मंग पोरालाच जायाला लागलं." मी घरी आलो, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला (हे का, ते आजही सांगता येणार नाही; उमराव गावात जाणार तर बरा दिसावा, एवढंच डोक्यात असावं) आणि उरणच्या गाडीत बसलो. आई मागून ओरडली, "कुठं निघालास?" मी म्हणालो, "माझ्या जहागिरीवर."

फाट्यावर उतरून चालत गेलो. तिवरांच्या पलीकडं खाडी ओहोटीला लागलेली, चिखल चकाकत होता आणि बांधाला मोठी खांड पडली होती. त्या खिंडारापासून शेतापर्यंत माणसांची रांग लागली होती. मागचे फावड्यानं चिखलाचे गोळे कापत, पाट्या हातोहात पुढं जात आणि पुढचे पेंढा आणि चिखल थरावर थर दाबत. भरती परतायच्या आत बुजवायचं होतं. नकाशातलं ते वळण मी लगेच ओळखलं. माझी गढी जिथं होती तिथं भात आडवा पडला होता आणि त्यावर खारं पाणी साचलं होतं.

बांधाच्या टोकाला एक हडकुळा म्हातारा उकिडवा बसून पाण्याकडं बघत होता. दत्ता चिखलानं माखलेला, फक्त डोळे ओळखीचे. मला बघून तो हबकला, मग म्हाताऱ्याकडं वळून म्हणाला, "आबा, ह्यो बघा आयला. गढीवाला."

म्हाताऱ्यानं मान वळवली नाही. "टोपी कुटं हाय त्याची?" त्यानं विचारलं.

तो खरखरीत, सावकाश आवाज ऐकून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दर शनिवारी दत्ता गावी जाऊन आजोबांना उमरावाचा पराक्रम सांगायचा, आणि आजोबा जे म्हणतील ते रविवारी येऊन आम्हाला सांगायचा. इतके आठवडे मी दत्ताशी खेळतच नव्हतो. माझी झुंज ह्या माणसाशी चालली होती. आणि ती बऱ्याच जणांना माहीत असावी, कारण रांगेतून एक बाई ओरडली, "आबा, ह्योच का तो, दोराला लोंबकलनारा?" आणि खांडीपासून शेतापर्यंत हशा पिकला.

"मी विचारायला सांगितलं होतं," मी म्हणालो. आवाजात रुबाब होता की कापरं, ठाऊक नाही. "गढी राहायची तर काय करायचं?"

"तुजं घर हाय ना हितं?" आबा म्हणाले. "घरटी एक मानूस. दुसरा काय करनार?"

मी चपला काढल्या. त्यातली एक मला परत कधीच दिसली नाही. रांगेत दत्ताच्या पुढं उभा राहिलो आणि पाटी घेतली. चिखल वजनाला काय असतो हे ज्यानं उचललं नाही त्याला सांगून उपयोग नाही. पहिली पाटी मी अंगावर घेतली, दुसरी दत्ताच्या पायावर सोडली. तिसरीसकट बसलो. मागचे म्हणत, "उमराव, हात चालवा! उमराव, भरती येतेय!" मी उठायचो, पुन्हा धरायचो. मध्ये तांदळाची भाकरी आणि कांद्याचा ठेचा हातावर आला. त्यात मीठ कमी होतं आणि चिखल जास्त, तरी मी उमरावाच्या रीतीप्रमाणं वाढणाऱ्या बाईचं कौतुक केलं. ती म्हणाली, "गप खा."

पाटी पुढं देता देता मी दत्ताला हळूच विचारलं, "पण ही जमीन तर जाणारच ना? नकाशे कशाला काढतात मग लोक?"

"आबांना इचार," तो म्हणाला.

आबांनी ऐकलं होतं. "जाईल तवा जाईल," ते पाण्याकडं बघत म्हणाले. "आज पानी शिरतंय. आज बांधायचं."

जमीन गेली, पुढं काही वर्षांनी. परवा तिकडून जाण्याचा योग आला. खाडीच्या त्या वळणाशी आता खरोखरच गढी उभी आहे. खूप मजल्यांची, दरवाज्याशी सोनेरी रंगाचे दोन सिंह आणि टोपीवाला पहारेकरी. मी रस्ता विचारायच्या निमित्तानं उभा राहिलो आणि त्याला म्हणालो, "इथं माझी गढी होती, ह्याच्या आधी." त्यानं गेटच्या आत जाऊन गेट लावून घेतलं. दत्ताला फोनवर सांगितलं तर तो हसून हसून खोकायला लागला. त्यानं पुढं पाटबंधारे खात्यात नोकरी केली, आणि गोष्ट अजून तशीच सांगतो.

त्या दिवशी खांड बुजली तेव्हा भरतीची पहिली जीभ बांधाच्या पायाशी आली होती. पाणी थरावर आपटलं, मागं सरलं, पुन्हा आलं. थर हलला नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले आणि कुणीतरी माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी पुन्हा खाली बसलो. पांढरा शर्ट कुठला आणि मी कुठला हे सांगता येत नव्हतं. हाताला फोड, एक चप्पल, आणि तरी मला वाटत होतं की झुंबराला लोंबकळून आख्खं दालन ओलांडलंय. मी तसाच आबांपुढं जाऊन उभा राहिलो. दत्ता शेजारी आला. इरफानचं जहाज, माधवीचं घुबड, बेटावरचा खजिना, सगळं त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडं डोळे लावून बसलं होतं.

"आबा," मी विचारलं, "आता राहू दे का गढी?"

आबांनी बांधाच्या त्या भागाकडं पाहिलं जिथं शेवटी शेवटी मीही चिखल दाबला होता; तिथला थर जरा वाकडा होता. मग इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच वर बघितलं, माझ्या तोंडाकडं, नीट.

"ऱ्हाऊ दे तुजा उमराव," ते म्हणाले. "पन पुढच्या बारीला त्यालाच धाड. तू नको येऊ."